अंगाच्या मापाची रायफल

अमेरिकेत शिकारीच्या रायफलींचा एक मधला बाजार वाढतो आहे. अख्खी रायफल कारागिराकडून घडवून घ्यायची तर पैसा फार लागतो आणि वाटही फार पाहावी लागते. म्हणून मूळ यंत्रणा कारखान्याची घ्यायची आणि नळी, दस्ता, चाप आपल्या पसंतीचे बसवून घ्यायचे. आपल्याकडे हौसेच्या शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने कायमचा मिटवला, आणि ते योग्यच झालं. पण अर्धी कारखान्याची, अर्धी आपल्या मापाची रायफल मुंबईतही घेतली जाते. ती कागदी लक्ष्यावर नेम धरण्यासाठी असते.

दादरला शिवाजी पार्कजवळच्या सावरकर स्मारकात किंवा वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर गेलात, तर गिरगाव-लालबागची शाळकरी मुलं नेम धरताना दिसतील. दादरच्याच कीर्ती कॉलेजात एनसीसीमधून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत २००२ मध्ये म्युनिचला ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकल्यावर तर कितीतरी घरांत रायफल घेण्याची चर्चा सुरू झाली. किंमत लाखांत जाते. म्हणून त्या पैशात नेमकं काय मिळतं, हे आधी समजून घ्यायला हवं.

सुरुवात बहुतेकांची १० मीटर एअर रायफलने होते. छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि लक्ष्यावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. पात्रता फेरीत ६० नेम. दशांशात मोजलं तर एका नेमाचे जास्तीत जास्त १०.९ गुण. रायफलीचं वजन साडेपाच किलोंच्या आत असावं लागतं.

यातला कारखान्याचा भाग म्हणजे नळी आणि हवेची यंत्रणा. सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा भरलेली असते. रेग्युलेटर त्यातून दर वेळी मोजून तेवढीच हवा सोडतो, त्यामुळे पहिला आणि साठावा छर्रा सारख्याच वेगाने, सेकंदाला सुमारे १७० मीटर, बाहेर पडतो. वाल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ अशा जर्मन कंपन्यांच्या स्पर्धेच्या रायफली या बाबतीत एकमेकींच्या फार जवळ आहेत. खरा फरक पडतो दस्त्यात. चष्म्याची फ्रेम दुकानातली, पण नंबर ज्याचा त्याचा, तसंच हे आहे.

मापं घेण्याचा क्रम रायफलीपासून नव्हे, अंगापासून सुरू होतो. उजव्या हाताचा नेमबाज लक्ष्याला डावी कूस देऊन उभा राहतो, पाठीतून किंचित मागे झुकतो आणि डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो. रायफलीचा भार हाडांवरून पायांत उतरला पाहिजे. स्नायूंनी पेलायला गेलं की विसाव्या नेमालाच हात थरथरतो. ही उभं राहण्याची पद्धत पक्की झाली की मग दस्त्याला हात लावायचा.

पहिली बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग. ती वर-खाली आणि पुढे-मागे अशी लावायची की रायफल दर वेळी खांद्यात त्याच जागी बसेल. मग गालाची पट्टी. डोकं सरळ ठेवून गाल टेकवला की डोळा आपोआप मागच्या साइटच्या बारीक छिद्रासमोर यायला हवा. मान वाकवून छिद्र शोधावं लागत असेल तर पट्टीची उंची चुकली आहे. मानेला ताण आला की तोलही बिघडतो. त्यानंतर मूठ. चापावर बोट सरळ मागे जाईल अशा कोनात ती फिरवायची. चापाचा ताण शंभर ग्रॅमच्याही खाली आणता येतो, पण नवख्याने तो इतका हलका करू नये. मनाने ठरवण्याआधीच छर्रा सुटतो.

शेवटी डाव्या तळहाताखालचा आधार आणि वजनाच्या चकत्या. त्या पुढे-मागे सरकवून तोल साधायचा. मग एक चाचणी. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. रायफल लक्ष्यावरून सरकली असेल तर हाताने ओढून आणू नका, पाय हलवा. सगळी मापं वहीत लिहून ठेवा, कारण वाढत्या मुलाची मापं दर काही महिन्यांनी बदलतात.

छर्रेही निवडून घ्यावे लागतात. रायफल शिकंज्यात पक्की धरून वेगवेगळ्या बॅचचे छर्रे मारून पाहतात. ज्या बॅचची भोकं एकमेकांवर सर्वांत घट्ट पडतात, तीच त्या नळीची.

कायद्याचं सांगायचं तर ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या मर्यादेतल्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साडेसात-आठ ज्यूलचीच असते. कुसाळेच्या ५० मीटर प्रकारातली पॉइंट टू-टू रायफल मात्र बंदूकच, तिला परवाना हवाच. आणि परवाना लागत नाही म्हणून एअर रायफल खेळणं ठरत नाही. घरी ती रिकामी आणि कुलपात असली पाहिजे, आणि वन्य पक्ष्यावर ती रोखणं हा गुन्हा आहे.

जुनी रायफल घेत असाल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. दहा वर्षं उलटलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि धोक्याचंही असतं.

माझं पालकांना कळकळीचं सांगणं आहे, की पहिलं वर्ष क्लबच्या रायफलीवर काढा. पैसे आधी प्रशिक्षकावर, मापाच्या जॅकेटवर आणि छर्‍यांवर खर्च करा. चाळीतल्या खोलीतही भिंतीवर ठिपका लावून तासभर नुसतं स्थिर उभं राहण्याचा सराव होतो, आणि त्याला छर्‍याचाही खर्च नाही. वर्षभरात मुलाचं उभं राहणं ठरतं. मग कोणता दस्ता हवा, मूठ कशी हवी, वजन कुठे हवं हे त्याला स्वतःला सांगता येतं. ते सांगता येऊ लागलं, की रायफल घ्यायची वेळ झाली असं समजा.