अर्ध्या डोक्याचे अखंड दुखणे

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची हयात पाळ्यांच्या आणि पगाराच्या तक्रारी लिहिण्यात गेली. तरी डोकेदुखीवर बोलावयास उभे राहिलो, त्याला कारण आमच्या संघटनेतील एक कामगार भगिनी. तिच्या डोक्याची उजवी बाजू दोन वर्षे दुखत होती. व्यवस्थापकांच्या लेखी ती रजेची सबब होती. आणि कबूल करावयास हवे, आमच्याही मनात एकदा तीच शंका येऊन गेली. हात यंत्रात सापडला तर पंचनामा होतो. डोके दुखण्याचा पंचनामा कोण करणार?

तिने चष्मा बदलला, उजवीकडची दाढ काढून घेतली. जो तो म्हणे, 'अर्धशिशी आहे.'

पण अर्धशिशी येते आणि जाते. औषध न घेतल्यास चार तास ते तीन दिवस राहते, मळमळते, उजेड नकोसा होतो, आणि मग डोके मोकळे होते. हिचे डोके घटकाभरही मोकळे होत नव्हते. मंद ठणका अखंड चाले. मधूनच कळ वाढली की त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाझरे, नाकपुडी चोंदे, पापणी खाली येई आणि तिला एका जागी बसवत नसे. शेवटी एका मेंदुविकारतज्ज्ञांनी तिला विचारले, 'बाई, हे कधी पूर्ण थांबते का?' दोन वर्षांत हा प्रश्न कोणीच, आम्हीसुद्धा, विचारला नव्हता.

तीन महिन्यांहून अधिक काळ एकाच बाजूस असे चालणाऱ्या व्याधीला 'हेमिक्रेनिया कंटिन्युआ' म्हणतात. हे नाव १९८४ साली रूढ झाले. मेंदूचे चित्र काढून दुसरे कारण नाही याची खात्री करतात, आणि मग इंडोमेथासिन देतात. हे सांधेदुखीवरचे जुने औषध. बहुधा २५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असे सुरू करून, गरजेप्रमाणे दिवसाला १५० किंवा त्याहूनही अधिक देतात. व्याधी तीच असेल तर दुखणे कमी होत नाही, पूर्ण थांबते. निदानाची कसोटीही तीच.

मात्र हे औषध पोटाला कडक आहे. अल्सर, मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार, गर्भारपण असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. जठराच्या रक्षणाची गोळी सोबत देतात. दुकानातून आणून स्वतःच घेऊ नये. आणखी एक: महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्यास त्यांनीच डोके दुखू लागते. एकाएकी उठलेली असह्य कळ, तापासह ताठलेली मान, हातापायातली शक्ती जाणे, यांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर, म्हणजे आमच्या वयात, प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही लगेच दाखवावी.

चौथ्या दिवशी ती कचेरीत आली आणि म्हणाली, 'दादा, आज सकाळी डोके आहे हेच विसरले होते.' गोळी चुकली की ठणका परततो, म्हणून ती डब्यासोबत गोळ्या ठेवते. त्या दोन वर्षांतील कापलेल्या पगाराचा अर्ज आम्ही डॉक्टरांचा कागद जोडून दिला आहे; त्याचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.