पिक्सेल, इंच आणि पाहण्याचे अंतर

डिजिटल छायाचित्राला इंचांतले स्वतःचे असे माप नसते. कॅमेऱ्याचा संवेदक समोरचे दृश्य आडव्या-उभ्या रांगांत मांडलेल्या असंख्य सूक्ष्म चौकटींत नोंदवतो, या प्रत्येक चौकटीला पिक्सेल म्हणतात, आणि फाइलमध्ये साठवलेले असतात ते या पिक्सेलांच्या रंगांचे आकडे. त्यांनी कागदावर किती जागा व्यापावी हे छापणारा ठरवतो. आडवे ४००० आणि उभे ३००० पिक्सेल असलेल्या चित्रात एकूण १ कोटी २० लाख पिक्सेल भरतात, म्हणून त्याला १२ मेगापिक्सेलचे चित्र म्हणतात. इंचाला ३०० पिक्सेल या घनतेने छापल्यास ते सुमारे १३.३ इंच रुंद आणि १० इंच उंच होते, तर इंचाला १०० या घनतेने तेच ४० इंच रुंद आणि ३० इंच उंच होते. छपाईत ज्याला रिझोल्यूशन म्हणतात ती ही घनता होय. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून जे आद्य डिजिटल चित्र तयार केले, ते उणेपुरे १७६ बाय १७६ पिक्सेलांचे होते. आजच्या मासिकाच्या, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलांच्या, निकषाने ते जेमतेम दीड सेंटिमीटर चौरसात छापावे लागेल.

हा ३०० चा निकष मुख्यतः डोळ्याच्या मर्यादेतून आला आहे. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका, कोन असावा लागतो, आणि फूटभर अंतरावर धरलेल्या पानावर हा कोन इंचाच्या सुमारे २८६ व्या भागाएवढा भरतो. ऑफसेट छपाईचीही त्यात भर पडते: कागदावर शाई एकतर लागते किंवा लागत नाही, त्यामुळे फिकट-गडद छटा लहानमोठ्या ठिपक्यांच्या जाळीतून भासवाव्या लागतात, आणि गुळगुळीत कागदासाठी इंचाला १५० ओळींची जाळी व दर ओळीमागे दोन पिक्सेल असा हिशेब रूढ आहे. अंतर वाढले की गरज उतरते. तीस फुटांवरून पाहिल्या जाणाऱ्या फलकाला इंचामागे दहाच्या आसपास पिक्सेलही पुरतात, आणि म्हणूनच चौकातल्या फ्लेक्सवरचा पुढारी रस्त्यापलीकडून रेखीव दिसतो व खांबाजवळ गेल्यावर चौकोनी तुकड्यांत विखुरतो.

‘३०० डीपीआयची (म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांची) फाइल पाठवा’ ही मागणी म्हणूनच अपुरी आहे. फाइलला जोडलेला ७२ किंवा ३०० हा आकडा केवळ एक सूचना असते. ती बदलल्याने एकही पिक्सेल वाढत नाही वा घटत नाही. (७२ चे मूळ जुन्या मॅकिन्टॉश संगणकात आहे, मुद्रकांचा पॉइंट जवळपास इंचाचा बहात्तरावा भाग असल्याने त्याच्या पडद्यावरही इंचाला तेवढेच पिक्सेल ठेवले होते.) इंकजेट प्रिंटरच्या खोक्यावरचे १४४० सारखे आकडे तर शाईच्या थेंबांची मांडणी सांगतात आणि एक पिक्सेल उमटवायला असे अनेक थेंब लागतात, तेव्हा त्यांची सांगड चित्राच्या रिझोल्यूशनशी घालणे चूकच ठरते. विचारायचे ते एवढेच, की पिक्सेल किती आहेत आणि छापायचे किती मोठे.

ए-फोर आकाराच्या पूर्ण पानासाठी इंचाला ३०० या हिशेबाने २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. मोबाइलमधल्या मूळ छायाचित्रात सहसा त्याला पुरेसे किंवा थोडेच कमी पिक्सेल असतात, परंतु व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवताना चित्र आकुंचित होते. ते १६०० बाय १२०० एवढेच उरले, तर त्याच दर्जाने जेमतेम सव्वापाच बाय चार इंचांत मावते. संगणकाने ते नंतर मोठे करता येते, पण तेव्हा भरले जाणारे पिक्सेल शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने रचलेले असतात, आणि नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी हा अंदाज कितीही सफाईदार केला तरी कॅमेऱ्याने न टिपलेली पापणी ही रचलेलीच पापणी राहते. दिवाळी अंकासाठी वा संस्थेच्या स्मरणिकेसाठी छायाचित्र देणाऱ्यांनी त्यामुळे मूळ फाइल ईमेलला जोडून किंवा व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, आणि छायाचित्र कापण्याचे काम संपादकावर सोडावे.