धातू-हायड्राइडांचे औष्णिक विघटन आणि हायड्रोजनची साठवण

मॅग्नेशियम हायड्राइडच्या वजनात सुमारे ७.६ टक्के हायड्रोजन असल्याने साठवणुकीसाठी ते आकर्षक वाटते. तथापि त्यातील बंध दृढ असल्याने एक मोल हायड्रोजन मुक्त करण्यास सुमारे ७५ किलोज्यूल उष्णता लागते. त्यासाठी तापमान २८० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते. तोच हायड्रोजन जाळून सुमारे २४२ किलोज्यूल मिळतात. म्हणजेच बाहेरील टाकाऊ उष्णता उपलब्ध नसल्यास जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा विघटनातच खर्ची पडते. याउलट लँथॅनम-निकेल हायड्राइड सामान्य तापमानाजवळ विघटित होते. परंतु त्यात हायड्रोजन जेमतेम १.४ टक्के असतो. उत्प्रेरकाने विघटनाचा वेग वाढतो, उष्णतेची गरज मात्र घटत नाही. म्हणून हायड्राइडची निवड करताना साठवणक्षमतेइतकाच बंधाच्या दृढतेचा विचार आवश्यक ठरतो.