कळंबमधला ‘ळ’ कुठून आला?

इंदापूर तालुक्यात झाडांवरून पडलेली गावांची नावं पावलोपावली भेटतात. बोरी, बेलवाडी, निमगाव केतकी यांतली बोर, बेल आणि कडुनिंब कुणालाही ओळखू येतात. कळंबमधलं झाड मात्र ध्वनींच्या आड दडलंय. ते आहे कदंब. मग ‘द’चा ‘ळ’ झाला कसा?

प्राकृतात दोन स्वरांमधला ‘द’ बहुधा गळून पडला. मोजक्या शब्दांत त्याचा ‘ल’ झाला. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणात कदंबाची ‘कयंब’ आणि ‘कलंब’ अशी दोन्ही रूपं आहेत. ‘दोहद’चं ‘दोहल’ही तिथेच सापडतं; आपले डोहाळे त्याचेच.

पुढचं काम मराठीनं केलं. दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ तिनं ‘ळ’ केला: फल-फळ, कमल-कमळ. जोड ‘ल्ल’चा मात्र ‘ल’च राहिला. म्हणून संस्कृत ‘काल’चा काळ झाला, पण ‘कल्य’चं प्राकृतात ‘कल्ल’ झाल्यामुळे मराठीत ते ‘काल’ म्हणून उरलं. ‘कलंब’मधला ‘ल’ एकेरी, म्हणून कळंब.

वनस्पतीशास्त्रही याला दुजोरा देतं. मराठीत कळंब म्हणतात तो वृक्ष म्हणजे मित्रागायना पार्विफोलिया. ओलसर रानातल्या मोठ्या कदंबाचा हा कोरड्या रानातला भाऊबंद. दोघांची फुलं गोल चेंडूसारखी, दोघंही कॉफीच्या कुळातले. पर्जन्यछायेतल्या इंदापूरला हाच अधिक मानवणारा. धाराशिव आणि यवतमाळ जिल्ह्यांतही कळंब नावाची गावं आहेत.

नियम सोडून नुसत्या उच्चारावर विसंबलं की काय होतं, ते इंग्लंडमधल्या यॉर्कनं दाखवलंय. रोमनकाळातलं त्याचं नाव एबोराकम. मूळ केल्टिक अर्थ बहुधा ‘यू वृक्षांची जागा’. अँग्लो-सॅक्सन लोकांना त्यात आपला रानडुकराचा शब्द ऐकू आला आणि ते ‘एओफोरविक’ म्हणू लागले. 866 मध्ये शहर जिंकणाऱ्या व्हायकिंगांनी त्याचं ‘योर्विक’ केलं, त्यावरून यॉर्क. झाड कधीच हरवलं होतं.

कळंबच्या शिवारात 1930च्या दशकात वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना उभा राहिला आणि वसाहत वालचंदनगर झाली. या नावाचं बारसं कुणी केलं, हे शोधावं लागत नाही. जुन्या गावांच्या बारशाची नोंद नसते. तिथे साक्ष ध्वनींचीच. त्यामुळे गावाच्या नावाची कथा कितीही रंगली तरी एक प्रश्न विचारावाच: हाच बदल आणखी कोणत्या शब्दांत झालाय?