पेटीतला कंपायलर

कळमन्याच्या बाजारात पेटी उचलणारा हमाल आत संत्री आहेत की मोसंबी हे विचारत बसत नाही. पेटीचा आकार ओळखीचा असला म्हणजे त्याचे काम चालते. जगाच्या व्यापाराने हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर अंगीकारले. १९५६ साली माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजातून ५८ मोठ्या पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला गेल्या, आणि पुढे देशोदेशींच्या गोद्यांतील कामगारांच्या टोळ्या ओसरत गेल्या. संगणकाच्या क्षेत्रात ‘कंटेनर’ हा शब्द याच पेटीवरून आला. २०१३ साली निघालेल्या डॉकर या साधनाने तो सर्वतोमुखी केला.

आता कंपायलर म्हणजे काय ते पाहू. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळत नाही. त्याचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा दुभाषी तो कंपायलर. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, भाड्याने घेतलेले संगणक. तेथील कंटेनरात प्रोग्रामला लागणाऱ्या फायली तेवढ्या असतात. मुख्य कारभार पाहणारा कर्नेल यजमान यंत्राचाच असतो. जागा वाचावी म्हणून पेटी हलकी ठेवतात, आणि त्यामुळे कंपायलर बहुधा तीत नसतोच.

मग चालू पेटीत शिरून तो बसवावा काय? बसवता येतो, परंतु ती पेटी मोडून नवी उभी केली की बसवलेलेही जाते. म्हणून काम तोंडी न ठेवता लेखी ठेवावे. डॉकरफाइल हा तो लेख. पाया कोणता, कंपायलर कोणता व कितव्या आवृत्तीचा, मूळ लेखन कोठून घ्यावे, हे त्यात क्रमाने लिहावे. क्वचित बदलणाऱ्या गोष्टी आधी लिहाव्या, म्हणजे दर वेळी सारे पुन्हा करावे लागत नाही.

दोन ठेचा ठरलेल्या आहेत. डेबियनच्या पायावर तयार केलेला प्रोग्राम अल्पाइनच्या पेटीत बहुधा चालत नाही, कारण दोहोंची मूलभूत ग्रंथालये निराळी. तसेच इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी तयार केलेला प्रोग्राम एआरएम जातीच्या यंत्रावर जसाच्या तसा चालत नाही. शेवटी, एका पेटीत प्रोग्राम तयार करावा आणि तयार माल तेवढा दुसऱ्या, हलक्या पेटीत घालावा. डॉकरमध्ये ही सोय २०१७ पासून आहे. कारखान्याची हत्यारे कोणी गिऱ्हाइकाच्या घरी पाठवीत नाही!

हे सारे हमालाने का ऐकावे? १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरीचा हिशेब मालकाच्या मर्जीतून काढून मंडळाच्या वहीत आणला. वही उघडून पाहता येते, हे तिचे बळ. तोच हिशेब जेथे यंत्र करील, तेथे मूळ लेखन आणि ते रूपांतरित करण्याची लेखी रीत, दोन्ही तपासायला मिळाली पाहिजेत. एवढ्यानेही खात्री पुरी होत नाही. केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली दाखवून दिले की, कंपायलरच लबाड असेल तर मूळ लेखन निर्दोष असूनही प्रोग्राम दगा देतो. तेव्हा हिशेबाबरोबर हिशेबनीसही तपासावा. आणि त्यासाठी तो कोणत्या पेटीत, कोणी आणि कसा बसवला, हे लिहून ठेवण्याचा आग्रह आपण धरावा.