मागची चाकं वळतात, तरी मागचा कोपरा बाहेर येतो

हाटकेशहून काशिमीरा नाक्यावर आलं की मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या लांबलचक मल्टीअ‍ॅक्सल लक्झरी बस दिसतात. साडेचौदा मीटरची अशी बस वळत असली की तिची सगळ्यात मागची चाकं पाहा. अनेक बसमध्ये पुढची चाकं डावीकडे, तर ही उजवीकडे वळलेली दिसतात.

बस या चाकांनीच पळते आणि वळते, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. इंजिनाची ताकद मधल्या, चार टायरच्या अ‍ॅक्सलला मिळते. शेवटच्या अ‍ॅक्सलला दोनच टायर असतात आणि त्याचं पहिलं काम वजन वाटून घेण्याचं. चार टायरच्या एकट्या अ‍ॅक्सलवर आपल्याकडे आधी १०.२ टन भार चालायचा, २०१८ पासून ११.५ टन चालतो. मागे बसवलेलं इंजिन, प्रवासी आणि डिकीतलं सामान एवढं सगळं त्या एकावर टाकता येत नाही.

मग ही शेवटची चाकं वळतात कशाला? वळणावर सगळी चाकं एकाच केंद्राभोवती फिरली तर टायर घासत नाहीत. मागचे दोन्ही अ‍ॅक्सल सरळच राहिले तर ते जमत नाही. टायर आडवे ओढले जातात, लवकर झिजतात आणि बसला रस्ताही जास्त लागतो. शेवटची चाकं वळली की हे केंद्र मधल्या अ‍ॅक्सलच्या रेषेत येतं आणि बस कमी जागेत वळते.

सगळ्यात घातक समज इथूनच निघतो: चाकं वळतात, म्हणजे बसचा मागचा भाग बाहेर येणार नाही. प्रत्यक्षात तो जास्त येतो! बस मधल्या अ‍ॅक्सलभोवती फिरते, म्हणून त्यामागचं सगळं धड वळणाच्या उलट बाजूला सरकतं. शेवटचा अ‍ॅक्सल न वळणारा असता तर फिरण्याचं ठिकाण थोडं मागे गेलं असतं आणि बाहेर येणारा भाग आखूड झाला असता. डावीकडे वळणाऱ्या बसचा उजवा मागचा कोपरा उजवीकडे येतो, नेमका तेव्हा चालकाचा डोळा डाव्या आरशात असतो. मीरा-भाईंदर रस्त्यावर मेट्रोचे खांब आणि बस यांच्या फटीत दुचाकी घालणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. त्या बाजूला थांबू नये, चिकटून ओव्हरटेक तर मुळीच करू नये.

भरधाव वेगात ही चाकं वळून बस घसरेल, ही भीती मात्र अनाठायी आहे. काही अ‍ॅक्सल सामानाच्या ट्रॉलीच्या चाकांसारखे आपोआप वळतात. ते ठरावीक वेगानंतर लॉक होतात. रिव्हर्समध्येही ते लॉक करावे लागतात, नाहीतर चाकं भलतीकडे फिरतील. दुसऱ्या प्रकारात हायड्रॉलिक सिलिंडर पुढच्या चाकांच्या कोनानुसार मागची चाकं वळवतो. वेग वाढतो तसा हा कोन कमी होतो आणि महामार्गावर चाकं सरळ राहतात. यंत्रणा बिघडलीच तर चाकं मध्यावर येऊन थांबावीत अशी रचना असते. बस तेव्हाही चालते, पण वळायला जास्त जागा मागते. त्यामुळे नेहमीच्या वळणावर बस अचानक बसेनाशी झाली, किंवा शेवटच्या टायरच्या कडा झिजू लागल्या, की चालकाने पुढच्या फेरीची वाट न बघता गाडी गॅरेजला दाखवावी.