शंभर सीसीवरून साडेतीनशेवर

आपल्याकडे गिअरच्या दुचाकीचं पक्कं लायसन्स हातात पडलं, की कायद्याचं काम संपतं. आरटीओच्या मैदानात शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून दाखवणारा अठरा वर्षांचा मुलगा त्याच लायसन्सवर साडेसहाशे सीसीची गाडी शोरूममधून बाहेर काढू शकतो. हप्ता भरायची ऐपत तेवढी हवी. युरोपात असं चालत नाही. तिथे सोळाव्या वर्षी १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंतची गाडी मिळते, अठराव्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंतची. त्याहून मोठी हवी असेल, तर मधल्या पायरीवर दोन वर्षं काढायची, नाहीतर चोवीस वर्षांचं होईपर्यंत थांबायचं. गंमत अशी, की ३५ किलोवॅट म्हणजे ४७ अश्वशक्ती, आणि रॉयल एन्फिल्डच्या इंटरसेप्टर ६५०ची ताकद नेमकी तेवढीच आहे. तिकडची मधली पायरी ती आपल्याकडची गच्ची.

कायद्याने पायऱ्या बांधल्या नाहीत, तेव्हा त्या ज्याच्या त्याने बांधायच्या. पण बहुतेकांची मोजपट्टीच चुकीची असते. नवी गाडी पाहिली, की पहिला प्रश्न ठरलेला: "किती सीसी?" या प्रश्नाच्या उत्तरातून फारसं काही कळत नाही. स्प्लेंडर ९७ सीसीची, आठ अश्वशक्तीची, ११२ किलोची. क्लासिक ३५० म्हणजे ३४९ सीसी, वीस अश्वशक्ती, १९५ किलो. चाकणला बनणारी केटीएमची नवी ३९० ड्यूक ३९९ सीसी, पंचेचाळीस अश्वशक्ती, १६८ किलो. क्लासिक आणि ड्यूकमध्ये फरक फक्त पन्नास सीसीचा. पण वर पंचाहत्तर किलोचा माणूस बसवून हिशेब करा. दर शंभर किलोमागे स्प्लेंडरच्या वाट्याला सव्वाचार अश्वशक्ती येते, क्लासिकच्या साडेसात आणि ड्यूकच्या साडेअठरा! जुन्या पिढीला हे गणित कागदाशिवाय माहीत होतं. ९८ सीसीची आरएक्स १०० सिग्नल सुटला की साडेतीनशेच्या बुलेटला मागे टाकायची, कारण तिचं वजन शंभर किलोच्या आसपास होतं आणि टू-स्ट्रोक इंजिन अकरा अश्वशक्ती देत होतं.

ताकद कुठे मिळते, हाही प्रश्न आहेच. क्लासिकच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ८५.८ मिलिमीटर. अशा लांब स्ट्रोकचं इंजिन चार हजार आरपीएमलाच पूर्ण जोराने खेचतं आणि त्यापुढे फार घाई करत नाही. ड्यूकचे आकडे उलटे आहेत: व्यास ८९, प्रवास ६४. तिची कमाल ताकद साडेआठ हजारांना येते. शंभर सीसीच्या गाडीला मूठ पूर्ण पिळायची सवय झालेल्या मनगटाने हीच सवय ड्यूकवर नेली, तर पुढची गाडी अंदाजापेक्षा बरीच आधी समोर येते. म्हणून शंभरावरून उठणाऱ्याने थेट अशा गाडीवर बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोनशे-अडीचशे सीसीची किंवा शांत स्वभावाची साडेतीनशे घ्यावी आणि तिच्यावर निदान एक पावसाळा काढावा. अनेकांना मग त्यापुढे जावंसं वाटतही नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही.

वेग दूरच राहिला, मोठी गाडी पहिला हिसका दाखवते ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये. उतारावर तोंड खाली करून लावलेली स्प्लेंडर एका हाताने मागे ओढता येते. १९५ किलोची गाडी तशी लावली, की ती काढायला वॉचमनला हाक मारावी लागते. म्हणून गाडी नेहमी मागचं चाक उताराकडे करून, गिअरमध्ये ठेवून लावायची. चिंचोळ्या गल्लीत वळताना शंभर सीसीवर पाय टेकून सावरून घ्यायची सवय असते. इथे गाडी एकदा ठरावीक कोनापलीकडे कलली, की पाय टेकून काही होत नाही. हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि नजर चाकाकडे न ठेवता जिथे जायचं तिथे, एवढ्यावर ते वळण निघतं. पुढचा ब्रेक मात्र हँडल वळलेलं असताना दाबायचा नाही. पार्किंगमध्ये आडव्या होणाऱ्या मोठ्या गाड्या बहुधा याच कारणाने आडव्या होतात.

आणि ब्रेकचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडं थांबू. मराठी घरात गाडी शिकवताना पहिला धडा असायचा: "पुढचा ब्रेक लावू नकोस, तोंडावर आपटशील." चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या, ड्रम ब्रेकच्या हलक्या गाडीवर हा सल्ला खपून जातो. मोठ्या गाडीवर तोच जिवावर बेततो. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे सरकतो. पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो, मागचा हलका होतो. हलक्या झालेल्या चाकाला कितीही ब्रेक लावा, ते लॉक होऊन घसरतं, थांबवत नाही. कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं बहुतांश काम पुढचंच चाक करतं. आता वेग धरा. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, १००ला २८ मीटर. समोरचं दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद धरला आणि रस्ता चांगला कोरडा असला, तर साठवरून थांबायला एकूण सदतीस-अडतीस मीटर लागतात आणि शंभरवरून ऐंशीच्या वर. वेग पावणेदोनपटीपेक्षाही कमी वाढला, अंतर दुपटीहून जास्त.

लिव्हर दाबायची रीतही वेगळी आहे. झटका द्यायचा नाही. दोन बोटांनी आधी नुसता ताण द्यायचा, पुढचा शॉकअप खाली बसताना हाताला कळतो, आणि तो बसला की मग जोर वाढवायचा. रविवारी सकाळी नव्या लेआउटमधला मोकळा रस्ता गाठून तीस, चाळीस, पन्नास असं चढत्या वेगाने हे करून बघावं. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे, त्यामुळे चाक लॉक होण्याची भीती कमी झाली. पण स्वस्त मॉडेलमध्ये ते फक्त पुढच्या चाकाला असतं, हे विकत घेताना विचारावं. आणि एबीएस अंतर शून्यावर आणत नाही. ताकद आधी आणि ब्रेक मागाहून, हा उलटा प्रकार आपण ऐंशीच्या दशकात पाहिला आहे. एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० 'राजदूत ३५०' म्हणून इथे आणली. परदेशातल्या आरडीला पुढे डिस्क होती, आपल्या राजदूतला ड्रम. तिशीच्या घरातली अश्वशक्ती आणि ड्रम! तिच्या आठवणी काढणारे तिच्या पिकअपबद्दल भरभरून बोलतात, थांबण्याबद्दल फारसे बोलत नाहीत.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी अठरा टक्के आहे, त्यावर चाळीस. म्हणजे ३४९ सीसीची गाडी स्वस्त झाली आणि इंटरसेप्टर महागली. नव्या गाडीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. २०२२च्या दरांनी तो १५० सीसीपर्यंत ३,८५१ रुपये, ३५०पर्यंत ७,३६५ आणि त्यावर १५,११७. ॲव्हरेज साठ-पासष्टवरून पस्तिसावर येतं, साडेसहाशेला पंचविसाच्या आसपास. चेनचं वेगळंच. स्प्लेंडरची चेन कव्हरच्या आत झाकलेली असते आणि मालकाला तिची आठवण सर्व्हिसिंगलाच होते. मोठ्या गाड्यांची चेन बहुधा उघडी. दर पाचशे किलोमीटरला साफ करून तेल द्यावं लागतं, पावसात त्याआधीच. त्यातही ड्यूकसारख्या गाडीला डबल स्टँडच नसतो, मग मागचं चाक उचलायला वेगळा स्टँड घ्या. मागची सीट बघा, बायको-मुलांना बसवून बघा. गॅसचा सिलिंडर आणि भाजीची पिशवी नेणारी जुनी गाडी विकायची घाई करू नये, असं मी तरी सांगेन. तिचे तसेही फार पैसे येत नाहीत.

एवढं सगळं करून गाडी पळवायची कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. समृद्धी महामार्गावर बंदी. वांद्रे-वरळी सी लिंक, अटल सेतू, दोन्हीकडे बंदी. ज्या रस्त्यांवर शंभरचा वेग सहज धरता येईल, ते आपल्याला बंद आहेत. उरतात जुने महामार्ग आणि घाट. ताम्हिणीत किंवा आंबोलीत साडेतीनशे सीसीचा खरा फायदा होतो तो चढावर मागे माणूस आणि सामान असताना गिअर न पाडता गाडी ओढते तेव्हा. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच तिला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. ही चैन शंभर सीसीवर मिळत नाही. वळणात शिरण्याआधी वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक लावायचा नाही, हा नियम तोच असला, तरी दोनशे किलोच्या गाडीला तो मोडलेला चालत नाही.

म्हणून ट्रायल घेताना शोरूमवाल्याने दाखवलेल्या सरळ रस्त्यावर चक्कर मारून परत येऊ नका. गर्दीच्या चौकात न्या, इंजिन तापल्यावर उजव्या पायाला किती गरम लागतं ते बघा. मागे कुणाला तरी बसवा. बंद गाडी हाताने ढकलत पार्किंगमधून बाहेर काढा. बसल्यावर निदान एक पाय पूर्ण टेकतो का बघा, कारण साधारण आठशे मिलिमीटरच्या सीटवर पाच फूट चारच्या माणसाच्या बहुधा टाचा उचलल्या जातात. अरुंद रस्त्यात एका दमात यू-टर्न घ्या. सेल्समन घड्याळाकडे बघायला लागेल, बघू द्या. हेल्मेट आयएसआय मार्कचं नसेल, तर गाडीच्या बजेटमधून आधी तेवढे पैसे बाजूला काढा, आणि त्यासोबत घोटा झाकणाऱ्या बुटांचे आणि हातमोज्यांचेही.